खुणेच्या पानापर्यंत

नुन्झिओनं तेराकीही मासळीचे दोन तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळले, पुडकं काउंटरवरून पुढे सरकवलं आणि हात पुसता पुसता म्हणाला, “थोरलीला फार दोष देऊ नका हं, बाई. क्लेम म्हणतो, ती वाईट नाहीये. घाबरलीय.”

एल्स्पेथ टेटनं पुडकं उचललं. कुठली थोरली, हे तिला ताबडतोब कळलं, आणि कळलं म्हणूनच तिचा पाय दुकानातून निघेना. ग्रंथालयातून आणलेली कादंबरी सध्या तिच्या उशाशी होती. बंदरावर उतारूंना खोल्या देणाऱ्या दोन बहिणींची गोष्ट. धाकटीचं एका कप्तानाशी लग्न ठरलेलं, तो समुद्रावर गेलेला, आणि त्याची येणारी पत्रं थोरली गुपचूप लपवून ठेवते. एल्स्पेथ एकशे बाराव्या पानापर्यंत आली होती. पण क्लेम म्हणजे तिचा नवरा, आणि क्लेम पुस्तकं वाचत नाही. एकतीस वर्षांच्या संसारात ही गोष्ट ती इतकी धरून चालली होती, की कोणी विचारलं असतं तर त्याच्या बुटांच्या मापाइतक्या सहज तिनं ती सांगितली असती. सकाळी वर्तमानपत्रातलं घोड्यांच्या शर्यतींचं पान, हिवाळ्यात बियाणांची यादी. चौतीस वर्षं त्यानं लोकांच्या घरी जाऊन विजेचे मीटर वाचले होते, आणि वाचणं म्हटलं की त्याच्या बाबतीत तेवढंच तिच्या डोळ्यांपुढे येई.

नुन्झिओ अगदी निर्धास्त होता. दर गुरुवारी क्लेम गळाला लावायचं आमिष न्यायला येतो, मागच्या दारी पालथ्या पेटीवर बसतो आणि गोष्ट कुठवर आली ते सांगतो, असं त्यानं मासा खवलता खवलता सांगितलं. मागच्या वेळी दोघा भावांची गोष्ट होती, त्याआधी त्या वेड्या डॉक्टरची. नुन्झिओ स्वतः वाचत नसे, पण त्याला सगळं ठाऊक होतं. “तुम्ही दोघं मिळून वाचता, ते बरं,” तो म्हणाला. “माझ्या बायकोशी मला आमिषाबद्दलसुद्धा बोलता येत नाही.”

“हो,” एल्स्पेथ म्हणाली. “मिळूनच वाचतो.”

बाहेर दक्षिणेचा वारा सुटला होता आणि समोरच्या बेटावर लाटा फुटत होत्या. बसथांब्यापाशी तिनं पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि बस सोडून दिली. आपण खोटं बोललो याची तिला लाज वाटत नव्हती. तिला वेगळंच काहीतरी होत होतं. आपल्याच घरात एक खोली आहे आणि ती आपण कधी पाहिलेली नाही, असं कुणी सांगावं आणि वर म्हणावं की छान आहे हो, उजेड भरपूर येतो, तसं. दोघा भावांची गोष्ट. ती तर तिनं उन्हाळ्यात वाचली होती. वेडा डॉक्टर त्याआधीच्या पानगळीत. घाबरलीय, असं म्हणाला क्लेम. थोरली तिलाही नुसती वाईट वाटली नव्हती. पण ‘घाबरलीय’ हा शब्द तिला सुचला नव्हता. टेकडीच्या पायऱ्या चढताना तो तिनं दोन-तीनदा मनाशी म्हणून पाहिला, आणि दर वेळी तो क्लेमच्या आवाजात ऐकू येईना. कोणा तिऱ्हाईताचं मत ऐकावं, आवडावं, आणि तो माणूस दिसतो कसा म्हणून मान वळवावी, तर तिथं कोणीच नसावं.

घरी आल्यावर तिनं आधी उशाशी जाऊन पुस्तक उघडलं. खुणेला तिनं बसचं जुनं तिकीट घातलं होतं. ते जागच्या जागी होतं, जरा जास्तच जागच्या जागी. कडा पानाच्या कडेशी काटेकोर जुळवलेल्या. ती स्वतः तिकीट कसंही खुपसत असे. तिनं पान नाकाशी नेलं. ग्रंथालयाच्या डिंकाचा वास, आणि त्याच्या खाली, किंवा तिला तसं वाटलं, क्लेम ज्या साबणानं वंगणाचे हात धुतो त्या साबणाचा. पण तो वास तर तिच्या चादरींना होता, टॉवेलांना होता, एकतीस वर्षांपासून तिच्या केसांनाही असेल. संध्याकाळी मासे खाताना तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो काटे काढून बशीच्या कडेला एका रांगेत मांडत होता. काय गं, त्यानं विचारलं. काही नाही, ती म्हणाली. आणि हा माणूस कोण आहे याची उत्सुकता तिला अशी काही वाटली, की लग्नाआधीच्या एका नाचाची आठवण झाली. नाच चालू असताना ह्याच माणसाचं नाव तिनं मैत्रिणीला विचारलं होतं.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यानं एक पुस्तक वाचलं होतं. हे तिला आत्ता आठवलं असं नव्हतं. आठवायचं नाही असं ठरवलेल्या गोष्टींपैकी ते एक होतं. विद्यापीठातल्या तिच्या मैत्रिणींकडे त्या दोघांना बोलावलं होतं, तिनं नवा हिरवा झगा घातला होता, दिवाणखान्यात शेरीचे छोटे प्याले फिरत होते आणि त्या वर्षी सगळ्यांनी वाचलेल्या एका पुस्तकावर बोलणं चाललं होतं. मोठ्या घरात एकटी राहणारी, हळूहळू भिंतींशी बोलू लागणारी एक बाई. तिच्यासाठी म्हणून क्लेमनं ते तीन दिवसांत वाचून काढलं होतं, जेवणाच्या सुट्टीत, मीटरच्या वहीखाली धरून. कोणीतरी ‘तुमचं काय मत?’ असं त्याला विचारलं, अर्धं सौजन्यानं, अर्धं मजेनं. क्लेमनं विचार केला. मग म्हणाला, “तिनं एक कुत्रा पाळायला हवा होता.” सगळे हसले. एल्स्पेथ सगळ्यांत जास्त वेळ हसली. आपण का हसतो आहोत हे तिला हसतानाच कळत होतं: आपण ह्या लोकांतले आहोत, ह्या माणसाच्या बाजूचे नाही, एवढं त्यांना दिसावं म्हणून. क्लेमही थोडा हसला आणि रिकामे प्याले उचलून स्वयंपाकघरात गेला. त्यानंतर त्यानं कुठल्याच पुस्तकाबद्दल मत दिलं नाही, आणि तिनं ते मागितलं नाही. पुढे केव्हातरी, चाळिशीत असेल, क्लेम कामावर आणि मुलगा परगावी, अशा एका दुपारी तिला अचानक वाटलं होतं की त्या बाईनं कुत्रा पाळला असता तर खरंच काहीच झालं नसतं. त्या साडेतीनशे पानांवर त्याच्याइतकं खरं कोणी काही बोललंच नव्हतं. पण हे सांगायला तेव्हा पंधरा वर्षं उशीर झाला होता, आणि आता तर मोजायलाही नको.

त्या आठवड्यात ती पुन्हा नुन्झिओकडे गेली. पुढच्या आठवड्यात दोनदा. गोष्ट आपल्यालाही माहीत असल्यासारखं बोलायचं आणि क्लेमचं मत बाहेर काढायचं, हे तिला लवकरच जमलं. कोळशाचं कळलं ते असंच. पुस्तकात थोरली रोज निजण्याआधी बादलीतला कोळसा मोजते. एल्स्पेथनं तो कंजूषपणा म्हणून वाचून सोडून दिला होता. “क्लेम म्हणतो,” नुन्झिओनं सुरी धुता धुता सांगितलं, “जी बाई कोळसा मोजते, ती दुसऱ्याचं वाईट करायला बसलेली नसते. आपल्याला पुरेल का, एवढंच तिच्या डोक्यात असतं. बहीण गेली तर ती एकटी पडेल. म्हणून पत्रं लपवली.” मग जरा थांबून तो म्हणाला, “मीटर बघायला जाताना त्यानं अशा बाया पाहिल्यात म्हणे. एका खोलीतला दिवा मालवल्याशिवाय दुसऱ्या खोलीतला लावत नाहीत.” एल्स्पेथनं त्या दिवशी नको असताना हापुका माशाचं डोकंही घेतलं, कारण बोलणं संपलं नव्हतं आणि काहीतरी घेतल्याशिवाय उभं राहता येत नव्हतं.

ती आता निराळ्याच तऱ्हेनं वाचू लागली. वाक्य वाचायचं आणि थांबायचं: इथं तो काय म्हणेल? आधी तिला मजा वाटली. मग लक्षात आलं, की आपण अंदाज करतो तो दर वेळी चुकतो. कप्तानाबद्दल त्याला कीव येईल असं तिला वाटलं होतं. त्याला कप्तान आळशी वाटला होता. जो माणूस चार पत्रांना उत्तर आलं नाही तर पाचवं तसंच लिहितो, तो बोटीवरून उतरून येत का नाही? एकतीस वर्षं शेजारी झोपलेल्या माणसाबद्दल आपले अंदाज चुकतात, याचं तिला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, थोडं. पण त्याहून जास्त तिला पुढचं हवं होतं.

बुधवारी तिची गाण्याची तालीम असे. त्या बुधवारी ती मध्येच उठली, घसा धरल्याचं सांगितलं आणि साडेतीनला टेकडीच्या मागच्या वाटेनं घरी आली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो दिसला. टेबलावर त्यानं वर्तमानपत्र पसरलं होतं, त्यावर तिचं पुस्तक, आणि दोन्ही हात पुस्तकाच्या दोन बाजूंना टेबलावर असे ठेवले होते, की जणू नुकतेच धुतलेले हात वाळायला ठेवलेत. ओठ किंचित हलत होते. एकदा तो मान मागे नेऊन थांबला आणि एक पान मागे जाऊन पुन्हा वाचू लागला. चेहरा तिच्या ओळखीचा होता. नळ का गळतो ते शोधताना तो असाच दिसे. मग तिकिटाचं पान आलं. तो थांबला. पुढचं पान उजेडात अर्धवट उचललेलं होतं, वाचायला एक बोट पुरलं असतं. पण त्यानं ते खाली ठेवलं, तिकीट काठाशी जुळवलं, पुस्तक मिटलं आणि हात त्यावर ठेवून बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसला. तिच्याकडेच पाहत होता, पण मन अजून पुस्तकातच असावं; ती त्याला दिसली नाही. ती वाकून निघाली आणि खाली समुद्रापर्यंत गेली. तोंडावर वारा इतका जोरानं येत होता की डोळ्यांत पाणी येण्याचं निराळं कारण शोधावं लागलं नाही. तो तिच्या पुढे जात नव्हता. जिथवर ती आली तिथवरच.

मग तिनं एक वाईट गोष्ट केली. निदान तिला ती वाईट वाटली. सहा दिवस तिनं तिकीट हलवलंच नाही. शुक्रवारी नुन्झिओ म्हणाला, “क्लेम म्हणतो, ह्या आठवड्यात काही घडलं नाही.” तो हे गंभीरपणे म्हणाला, पावसाळी हवेबद्दल सांगावं तसं. त्याच दुपारी तिनं बसून पन्नास पानं वाचली, आणि तिकीट ठेवताना तिला असं वाटलं की दारात आलेल्या पाहुण्याला आपण उगाच ताटकळत ठेवलं होतं.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी वाचनमंडळ तिच्या घरी जमायचं होतं. पाच बायका, एकोणीस वर्षं. पुस्तक अर्धं झालं की एक बैठक आणि संपलं की दुसरी, हा जोसलिनचा नियम. जोसलिन शाळेची मुख्याध्यापिका होती आणि निवृत्त झाल्यावरही ती सवय गेली नव्हती. शेवट कळल्यावर सगळेच शहाणे होतात, ती म्हणे. माणूस वाचतो कसा ते अर्ध्यावर कळतं. क्लेम अशा शनिवारी गळ घेऊन खडकांवर जाई. पण वारा मावळला नव्हता, आणि स्वयंपाकघरातल्या नळाचा वायसर बदलायचा होता, तेव्हा तो घरीच राहिला. दार अर्धवट उघडं होतं. पान्ह्याचा आवाज येत होता.

जोसलिननं थोरलीला पाच मिनिटांत निकालात काढलं. दुष्ट, मत्सरी, स्वतः लग्न न झालेली, म्हणून बहिणीचं होऊ न देणारी. विनीनं मान हलवली. दुसऱ्या दोघींनी केकचा तुकडा घेतला. एल्स्पेथच्या मनात बोलायचं नव्हतं. एकोणीस वर्षं तिनं इथं शैलीबद्दल, वर्णनांबद्दल, कोणालाच न खुपणारी मतं दिली होती. पण थोरलीला असं एकटं टाकून दिलेलं तिला बघवेना, आणि तिनं तोंड उघडलं तेव्हा कोळसा बाहेर आला. रोजचा मोजलेला कोळसा, एक दिवा मालवून मग दुसरा लावणाऱ्या बाया, बहीण गेल्यावरचं रिकामं घर. ती वाईट नाही, एल्स्पेथ म्हणाली. ती घाबरलीय.

जोसलिननं चष्मा काढला. “एल्स्पेथ,” ती म्हणाली, “एकोणीस वर्षांत तू ह्याच्याइतकं चांगलं काही बोलली नाहीस.”

स्वयंपाकघरातला पान्हा थांबला होता. विनीनं विचारलं, तुला हे सुचलं कसं? आत्ता सांगता येईल, एल्स्पेथला वाटलं; एवढं एक वाक्य, आणि तो दारापलीकडेच आहे. पण चौघींचे चेहरे तिच्याकडे वळलेले होते, एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच असे वळलेले, आणि त्या उबेत तिला आपलाच आवाज ऐकू आला, “असंच. वाचता वाचता.” मग पान्हा पुन्हा सुरू झाला, संथ, फेऱ्यामागून फेरा. हिरव्या झग्यातल्या त्या संध्याकाळी तिनं त्याचं मत हसून घालवलं होतं. आज ते तिनं आपलं म्हणून घेतलं. कुठलं जास्त वाईट, हे तिला ठरवता येईना, आणि उरलेली बैठक तिनं काही न ऐकता काढली.

त्या गेल्यावर तिनं कप गोळा केले आणि स्वयंपाकघरात गेली. क्लेम ओट्यापाशी हत्यारं पुसत होता. नळ गळायचा थांबला होता. ती कप ठेवून तशीच उभी राहिली.

“ते एकशे बाराव्या पानापर्यंतचं होतं,” तो न वळता म्हणाला. “ते मत. आता मला तसं नाही वाटत.”

तिनं बरंच काही बोलायचं ठरवलं होतं. “मी ते चोरलं, क्लेम,” एवढंच आलं.

“हो. पण बोललीस चांगलं. नुन्झिओपुढे मला एवढं नीट जमलं नव्हतं.”

त्याच्या आवाजात टोमणा आहे का, हे तिनं ऐकून पाहिलं. नव्हता, किंवा असला तरी तिला तो ओळखू येत नव्हता, जसं हल्ली त्याचं बरंच काही येत नव्हतं. मला कळलंय हे तुला केव्हा कळलं, तिनं विचारलं. “आठवड्यातून चार दिवस मासे, एल्स,” तो म्हणाला. “आणि ते हापुकाचं डोकं.” मग तिनं ती गोष्ट विचारली जी विचारायला ती त्या बुधवारपासून भीत होती: तो तिच्या खुणेपाशी का थांबतो? त्यानं पक्कड खोक्यात ठेवली, परत काढली, पुन्हा ठेवली.

“पुढचं मला माहीत आणि तुला नाही, असं झालं असतं,” तो म्हणाला. “जेवताना माझ्या तोंडावर दिसलं असतं.”

ती खुर्चीवर बसली. आता सांगायलाच हवं होतं, म्हणून तिनं एका दमात सांगितलं: त्या वेळचं, शेरीच्या पार्टीतलं, त्याचं कुत्र्याचं बोलणं बरोबर होतं. आपण हसायला नको होतं. कित्येक वर्षं हे सांगायचं राहून गेलं. क्लेमनं भुवया आक्रसून तिच्याकडे पाहिलं.

“कुठला कुत्रा?”

तिनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. तो खरंच विसरला होता, किंवा विसरल्याचं ठरवून इतकी वर्षं झाली होती की आता दोन्ही एकच. एकतीस वर्षं जी गोष्ट तिनं छातीशी धरून ठेवली, ती त्याच्या हातात द्यायला जावं तर त्याचे हात रिकामे, खुले, आणि काय घ्यायचं ते त्यांना माहीतच नाही. ह्याचं उत्तर मिळणार नव्हतं. तिनं ते सोडून दिलं, म्हणजे तिथंच टेबलावर ठेवलं आणि विचारलं, “मग आता तुला काय वाटतं? एकशे बारानंतर?”

क्लेम नळाकडे वळला. हात धुतले, पुसले, समोरची खुर्ची ओढून बसला. तिनं पुस्तक आणून दोघांच्या मधे ठेवलं. तिकीट दोनशेच्या जरा अलीकडे होतं. “धाकटीला माहीत आहे,” तो म्हणाला. पत्रं कपाटाच्या खालच्या फळीवर, पिठाच्या डब्यामागे आहेत. एकशे चौसष्टाव्या पानावर सरळ लिहिलंय की फळी लख्ख आहे. चौतीस वर्षं त्यानं लोकांच्या कपाटांत डोकं घातलं होतं. जिथं कोणाचा हात जात नाही तिथं धूळ असते. थोरलीचे गुडघे धरलेत, ती वाकू शकत नाही. म्हणजे पुसते ती धाकटी. तिनं पत्रं पाहिलीत. रोज पाहते. आणि थोरलीला कळू देत नाही. “तिला जायचंच नाहीये, एल्स. कप्तान नुसता एक बहाणा आहे.”

तो हे तिला सांगत होता. पालथ्या पेटीवर नाही, इथं. एल्स्पेथला वाटलं, हो म्हणावं, किती छान म्हणावं, एकोणीस वर्षं इतरांना म्हणत आले तसं. पण तिनं ते पान मनाशी पुन्हा वाचलं होतं, आणि त्यात काहीतरी बसत नव्हतं.

“मला नाही पटत,” ती म्हणाली.

क्लेमनं वर पाहिलं.

“थोरली वाकू शकत नाही, तर मग तिनं पत्रं तिथं ठेवली कशी?”

त्याचा हात पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर थबकला. हा आता उठेल, कप विसळायला घेईल, असं तिला वाटलं. क्लेमनं चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, पुस्तक स्वतःकडे ओढलं आणि बोटाला थुंकी लावून पानं मागे उलटू लागला.

“थांब,” तो म्हणाला. “थांब जरा. ह्याला उत्तर आहे माझ्याकडे.”